स्तनाचा कर्करोग, व्यसने आणि अर्धवट विचारलेले प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तीन आठवड्यांच्या आत दोन घटना घडल्या. वृत्तपत्रांनी त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या. वस्तुतः त्या शेजारी शेजारी ठेवून वाचावयास हव्या होत्या. पहिली घटना ३ जानेवारीची. त्या देशाचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मद्य आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. तंबाखू आणि स्थूलता यांच्या खालोखाल मद्य हे कर्करोगाचे टाळता येण्याजोगे तिसरे मोठे कारण असून त्यापायी अमेरिकेत दरवर्षी सुमारे एक लाख लोकांना कर्करोग होतो व सुमारे वीस हजार लोक प्राणास मुकतात, असे त्यात नमूद होते. स्त्रियांपुरते पाहता या हानीचा सर्वांत मोठा वाटा स्तनाच्या कर्करोगाचा आहे. तेथील दर शंभर स्तनकर्करोगांपैकी सुमारे सोळा मद्यामुळे उद्भवतात, असा हिशेब त्या पत्रात मांडला होता.

दुसरी घटना सत्तांतरानंतरची. नव्या प्रशासनाने मेंथॉलयुक्त सिगारेटींवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मागे घेतला. २००९ च्या कायद्याने इतर सर्व स्वादांच्या सिगारेटींवर बंदी आली होती. मेंथॉल तेवढे वगळले गेले. ती फट बुजविण्याचा प्रस्ताव अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये मांडला होता आणि तो तेव्हापासून रेंगाळत पडला होता. ही फट कोणाला बाधते? अमेरिकेतील कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहांत आठ जण मेंथॉलचीच सिगारेट ओढतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. घशाला गारवा देऊन धुराची जळजळ झाकणारी ही सिगारेट ओढावयास सोपी आणि सोडावयास कठीण असते.

एकीकडे शासनाचा सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी स्त्रियांना सावध करतो आणि दुसरीकडे तेच शासन एका विशिष्ट समाजाच्या गळी उतरविलेली वस्तू बाजारात राहू देते. हा विरोधाभास राजकारणाचा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. नाना वंशांच्या, नाना भाषा बोलणाऱ्या, वेगवेगळ्या रीतिरिवाजांत वाढलेल्या स्त्रियांना जेव्हा एकच रोग होतो, तेव्हा त्यांच्या मद्याच्या आणि तंबाखूच्या सवयींकडे वैद्यकाने व समाजाने कसे पाहावे? अमेरिकेत हा प्रश्न फार तीव्र स्वरूपात उभा आहे, म्हणून त्याचा विचार तेथून सुरू करणे योग्य होईल. तो आपल्याही दाराशी येऊन ठेपला आहे, हे पुढे दिसेलच.

निश्चित काय, अनिश्चित काय

प्रथम विज्ञानाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारण या विषयात अतिशयोक्ती आणि दुर्लक्ष दोन्ही सारखेच घातक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले होते. स्तनाच्या कर्करोगाचा त्या यादीत स्पष्ट समावेश २००७ मध्ये झाला. शरीरात मद्याचे अॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींमधील गुणसूत्रांना इजा करते. शिवाय मद्यामुळे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि अनेक स्तनकर्करोग याच संप्रेरकावर पोसले जातात. २००२ मध्ये ५३ अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की दररोज दहा ग्रॅम मद्यार्कामागे, म्हणजे सुमारे एका लहान पेल्यामागे, धोका सात टक्क्यांनी वाढतो. ही वाढ एकेका स्त्रीच्या बाबतीत लहान आहे; परंतु कोट्यवधी स्त्रियांचा समाज घेतला की त्या लहान वाढीचे हजारो रुग्ण होतात.

तंबाखूची गोष्ट किंचित निराळी आहे. २०१४ च्या सर्जन जनरलांच्या अहवालाने धूम्रपान आणि स्तनकर्करोगाची उत्पत्ती यांच्या संबंधाचा पुरावा सूचक आहे, पण अंतिम निर्णयास पुरेसा नाही, असा सावध निर्वाळा दिला. त्याच अहवालाने दुसरी एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली. ज्याला कर्करोग झालेला आहे, त्याने धूम्रपान चालू ठेवले तर त्याच्या मृत्यूचा धोका वाढतो. रोग कशामुळे झाला आणि रोग झाल्यावर काय करावे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच रुग्ण स्त्रीला एकतर उगाच अपराधी ठरविले जाते किंवा काहीच न सांगता सोडून दिले जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर किरणोपचारांच्या संदर्भात मिळते. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ स्त्रियांना किरणोपचार दिले जातात. ते जीव वाचवितात; परंतु किरणांचा काही अंश फुप्फुसाला आणि हृदयाला लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणाचा अंदाज असा की, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला या उपद्रवामुळे पुढे मृत्यू येण्याची शक्यता शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. दीर्घकाळ धूम्रपान चालूच ठेवणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ती शेकडा पाचापर्यंत जाते. म्हणजे ज्या उपचाराने एका स्त्रीचा जीव वाचावयाचा, तोच उपचार शेजारच्या खाटेवरील स्त्रीला काही प्रसंगी लाभापेक्षा हानीच अधिक करू शकतो. या दोघींमधील अंतर एका सवयीचे आहे, आणि उपचाराच्या वेळी ती सवय सुटली तर धोक्याचा मोठा भाग टळतो. या परिस्थितीत तंबाखू सोडविणे हे नीतीचे प्रवचन राहत नाही; ते उपचाराचाच एक भाग ठरते. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून अधिक अमेरिकन रुग्ण स्त्रियांच्या पाहणीत दहांपैकी एक स्त्री निदानानंतरही धूम्रपान करीत राहिलेली आढळली.

मद्याविषयी इतक्या ठामपणे बोलता येत नाही आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निदानानंतर थोडे मद्य घेत राहिल्यास रोग उलटतो काय? उत्तर कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या एका अभ्यासाने २०१० मध्ये याचे उत्तर होकारार्थी दिले. त्याच प्रदेशातील साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासाला २०२३ मध्ये तसा एकंदर संबंध आढळला नाही. मद्य हे रोगाचे एक कारण आहे, हे निश्चित. रोगानंतर अल्प मद्याचा परिणाम किती, हे अद्याप अनिश्चित. ज्या डॉक्टरला हा भेद सांगता येतो, त्याच्यावर रुग्ण विश्वास ठेवते. सर्वच गोष्टींची सारखीच भीती घालणाऱ्याचे ती ऐकते आणि सोडून देते.

सरासरीचा पडदा

हे ज्ञान कोणाच्या शरीरावरून आले, हाही प्रश्न विचारावयास हवा. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनामध्ये स्त्रिया आणि अल्पसंख्य समाज यांचा समावेश असलाच पाहिजे, असा कायदा १९९३ मध्ये करावा लागला. त्याआधीचे पुष्कळ संशोधन गौरवर्णीयांवर झाले होते आणि त्याचे निष्कर्ष सर्वांना लागू धरले जात होते. त्याच सुमारास, १९९३ ते १९९६ या काळात, हवाई बेटे आणि लॉस एंजेलिस येथे एक प्रचंड पाहणी सुरू झाली. कृष्णवर्णीय, मूळ हवाईवासी, जपानी वंशाचे, स्पॅनिशभाषक आणि गौरवर्णीय अशा दोन लाख पंधरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची तीत नोंद झाली. या पाहणीतील ८३ हजारांवर स्त्रियांविषयीचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुसंख्य मद्य घेतच नव्हत्या. तरीही दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांत स्तनकर्करोग अधिक आढळला, आणि वंशावरून त्यात लक्षणीय भेद दिसला नाही. २०१७ मध्ये बावीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी चार अभ्यासांची माहिती एकत्र झाली. जवळजवळ निम्म्या स्त्रिया मद्याला न शिवणाऱ्या होत्या. परंतु आठवड्याला चौदा वा अधिक पेले घेणाऱ्यांत धोका सुमारे एकतृतीयांशाने वाढलेला होता. तात्पर्य, विष कोणाचा वंश पाहत नाही.

मग भेद कोठे आहे? तो सवयी कोणाला, कशा आणि का लागतात यात आहे. आणि नेमका तोच भेद सरकारी रकान्यांत हरवतो. अमेरिकन सरकारने १९७७ मध्ये लोकांच्या नोंदीसाठी वंशांचे ठराविक गट निश्चित केले. त्यांत आशियाई आणि प्रशांत महासागरातील बेटांवरील लोक यांचा एकच रकाना होता. परिणामी, ज्यांच्यात धूम्रपान बरेच आणि स्तनकर्करोगाचे मृत्यूही बरेच, अशा मूळ हवाईवासी स्त्रिया चिनी आणि भारतीय स्त्रियांच्या सरासरीत वीस वर्षे लुप्त झाल्या. १९९७ मध्ये हा रकाना दुभंगला; २०२४ मध्ये आणखी सुधारणा झाल्या. परंतु ‘आशियाई’ या एका शब्दाखाली कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, चिनी आणि भारतीय या सर्वांना गोवले की त्यातून कोणाचेच खरे चित्र उमटत नाही. स्पॅनिशभाषकांचीही तीच गत. प्वेर्तो रिकोच्या स्त्रियांत धूम्रपान बरेच. मेक्सिकोहून आलेल्यांत फारच कमी. त्यातही परदेशात जन्मलेली आई जे घेत नाही, ते अमेरिकेत जन्मलेली तिची मुलगी घेऊ लागते. स्थलांतराने पगार वाढतो, भाषा बदलते, तशी संध्याकाळच्या पेल्याची सवयही अंगवळणी पडते. रकान्यात मात्र मायलेकी एकच.

आपल्या देशबांधवांचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. न्यूयॉर्क शहरात स्थायिक झालेल्या बांगलादेशी आणि गुजराती मंडळींची पान व गुटखा यांविषयी एक छोटी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. या वस्तू तेथील भारतीय किराणा दुकानांत मिळत. ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला अशा घरातील स्त्री ‘नाही’ असे उत्तर देईल आणि ते उत्तर खरेच असेल. तिच्या तोंडातील तंबाखूची नोंद मात्र कोठेच होणार नाही.

व्यापाऱ्याचे शहाणपण

सरकारी दप्तरांना जे भेद दिसले नाहीत, ते तंबाखूच्या व्यापाराला मात्र फार लवकर आणि फार बारकाईने दिसले. १९६८ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने केवळ स्त्रियांसाठी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ बाजारात आणली आणि स्त्रीमुक्तीच्या भाषेत तिची जाहिरात केली. १९८० च्या दशकात ‘रिओ’ आणि ‘डोराडो’ अशी नावे देऊन स्पॅनिशभाषकांकरिता सिगारेटी निघाल्या. १९९० च्या आरंभी आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ‘अपटाउन’ नावाची मेंथॉल सिगारेट फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्त्यांसाठी आणण्याचा बेत केला, आरोग्यमंत्री डॉ. लुई सुलिव्हन यांनी कडाडून निषेध केला आणि नागरिक संघटना उभ्या राहिल्या, तेव्हाच तो बेत रद्द झाला. त्याच वर्षी त्याच कंपनीची ‘डाकोटा’ सिगारेट कोणासाठी योजिली होती, हे उघडकीस आले. कष्टाच्या कामावर जाणाऱ्या, फारसे शिक्षण न झालेल्या तरुण गौर स्त्रिया हे तिचे लक्ष्य होते. १९९९ मध्ये ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ने नाना वंशांच्या स्त्रियांची चित्रे छापून ‘आपला आवाज शोधा’ अशी त्यांना हाक दिली. सिगारेटीने ज्यांचा आवाजच हिरावून घेतला, त्या घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांची ती क्रूर थट्टा होती. पुढच्या वर्षी ते घोषवाक्य कंपनीला मागे घ्यावे लागले.

वय, वंश, भाषा, शिक्षण, वेतन, मनातील आकांक्षा आणि मनातील सल यांचा इतका सूक्ष्म अभ्यास एखाद्या रुग्णालयाने आपल्या रुग्ण स्त्रियांचा कधी केला आहे काय? व्यापारी गिऱ्हाइकाची भाषा शिकतो, कारण त्यात त्याचा नफा आहे. रुग्णाची भाषा शिकण्यात रुग्णालयाला नफा दिसत नाही. मद्याच्या व्यापाराने तर याहून पुढचे पाऊल टाकले. स्तनकर्करोगाच्या जागृतीची खूण असलेली गुलाबी फीत काही मद्यविक्रेत्यांनी आपल्या बाटल्यांवर मिरविली आणि प्रत्येक विक्रीमागे संशोधनाला थोडी देणगी देऊ केली. ज्या पेयाने रोगाला हातभार लागतो त्याच पेयाच्या विक्रीतून त्या रोगाच्या संशोधनाला मदत! ग्राहकांपैकी अनेकांना यातील विसंगती जाणवलीही नसेल, कारण डॉ. मूर्ती यांच्या सूचनापत्रातच म्हटले आहे की, तंबाखूने कर्करोग होतो हे अमेरिकेत दहांपैकी नऊ जणांना ठाऊक आहे, मद्याने होतो हे निम्म्यांनाही ठाऊक नाही. तेथील बाटलीवरचा इशारा १९८८ च्या कायद्याचा आहे. त्यात गर्भवतीला आणि वाहनचालकाला सावध केले आहे. कर्करोगाचा उल्लेख नाही.

दोषारोपाचा सापळा

येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गौर स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो. परंतु त्याने मरण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक आहे. या भीषण तफावतीचे खापर त्यांच्या सवयींवर फोडण्याचा मोह अनेकांना होतो. वस्तुस्थिती अशी की कृष्णवर्णीय स्त्रिया सरासरीने गौर स्त्रियांपेक्षा मद्य कमी घेतात आणि धूम्रपानही अधिक करीत नाहीत. त्यांच्यात रोगाचा एक अधिक आक्रमक प्रकार सुमारे दुपटीने आढळतो, हे एक कारण. परंतु निदानापासून उपचारापर्यंत जाणारा विलंब, विम्याचा अभाव, वस्तीपासून दूर असलेली चांगली रुग्णालये आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव, ही कारणे कोणा स्त्रीने हाताने उचललेल्या पेल्यातून आलेली नाहीत.

मूळनिवासी अमेरिकनांच्या बाबतीत हा अन्याय अधिकच जुना आहे. ‘दारुडा इंडियन’ ही प्रतिमा चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी जगभर पसरविली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यातील साठ टक्के लोक मद्य घेतच नाहीत असे दिसले. गौरवर्णीयांत ते प्रमाण त्रेचाळीस टक्के होते. तंबाखूचेही तसेच. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात आणि अलास्कात मूळनिवासी स्त्रियांमध्ये धूम्रपान फार. नैर्ऋत्येकडील जमातींत ते फार कमी. शिवाय कित्येक जमातींत तंबाखू ही धार्मिक विधीची पवित्र वनस्पती आहे. अशा स्त्रीला डॉक्टरने सरसकट ‘तंबाखू सोड’ म्हटले तर तो तिच्या देवघरालाच हात घालतो. विधीतील तंबाखू निराळी आणि दुकानातील सिगारेट निराळी, हा भेद ओळखूनच तेथील मूळनिवासींच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमांची आखणी झाली आहे.

म्हणून समाजगटांच्या आकड्यांचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे ठरविले पाहिजे. मदत कोठे अधिक पाठवावी, कोणत्या भाषेत पत्रके छापावीत, कोणत्या वस्तीत सल्लाकेंद्र उघडावे, हे ठरविण्यासाठी ते आकडे मोलाचे आहेत. समोर बसलेल्या एका स्त्रीविषयी मत बनविण्यासाठी ते निरुपयोगी आहेत. ती काय घेते, हे तिच्या जातीवरून, वंशावरून वा पदरावरून कळत नाही. ते तिला विचारूनच कळते.

आणि विचारण्याचीही एक रीत आहे. निदानाच्या धक्क्यात असलेल्या स्त्रीला व्यसनाविषयीचा प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. उत्तर दिले तर दोष पदरात पडेल, या भीतीने ती खोटे बोलते; आणि खोट्या उत्तरामुळे जी मदत तिला मिळावयास हवी ती मिळत नाही. निकोटिनची सवय हा शरीराला जडलेला विकार आहे, केवळ मनाचा दुबळेपणा नाही. रोगाच्या चिंतेने ती आणखी बळावते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१७ पासून आपल्या मान्यताप्राप्त कर्करोग केंद्रांत तंबाखूमुक्तीचे साहाय्य उपचाराला जोडण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेतून. आशियाई भाषांत दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सोयही त्या देशात झाली. पण ती चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषिकांसाठी. तोंडात पानमसाला ठेवणाऱ्या गुजराती वा बंगाली स्त्रीची भाषा त्या यादीत नव्हती.

आपले रकाने

हे सारे परक्या देशाचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. जागतिक कर्करोग नोंदीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी अमेरिकेत रुग्ण अधिक होते, सुमारे पावणेतीन लाख; पण मृत्यू सुमारे त्रेचाळीस हजार. आपल्याकडे रोग कमी आणि मरण अधिक! या मृत्यूंचे मुख्य कारण उशिरा होणारे निदान आणि अपुरे उपचार हे आहे. आपल्या बहुसंख्य रुग्ण स्त्रियांनी आयुष्यात मद्याला वा सिगारेटीला स्पर्शही केलेला नसतो. तेव्हा व्यसनांची चर्चा या मूळ दुखण्यावर पांघरूण घालण्यासाठी होऊ नये, हे अमेरिकेइतकेच येथेही खरे आहे.

परंतु रकान्यांचा दोष आपल्याकडेही आहे आणि तो मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील चौदा टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. त्यांतील ओढणाऱ्या केवळ दोन टक्के होत्या. महाराष्ट्रात प्रौढ स्त्रियांतील हे प्रमाण सतरा टक्के होते. ही तंबाखू सिगारेटीच्या पाकिटातली नाही. ती चुलीवर तव्यात भाजून, कुटून, डबीत भरून ठेवलेली मशेरी आहे. सकाळी दाताला लावावयाची, दुपारी कामाच्या रगाड्यात पुन्हा लावावयाची, आणि सासूने सुनेला शिकविलेली. ती लावणारी स्त्री स्वतःला व्यसनी समजत नाही; दात घासणारी समजते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ती ‘छे, छे’ म्हणेल आणि केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होईल. पूर्वेकडे मिझोराममध्ये तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया तंबाखू सेवन करतात. तेथे तंबाखूच्या धुराचे पाणी करून ते तोंडात धरण्याची चाल आहे. अरुणाचलात दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक स्त्री मद्य घेते. देशाची सरासरी मात्र शंभरांत एकीच्या आसपास आहे. ‘भारतीय स्त्री मद्य घेत नाही’ हे वाक्य सरासरीला खरे आणि अरुणाचलाला खोटे आहे. मुंबईच्या रुग्णालयात ईशान्येकडील एखादी रुग्ण आली, पालघरच्या पाड्यावरून एखादी आली, साताऱ्याच्या खेड्यातून एखादी आली आणि बँकेत नोकरी करणारी एखादी दादरहून आली, तर चौघींना एकच छापील प्रश्न विचारून कसे चालेल?

मशेरीमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तोंडाचा कर्करोग होतो, हे मात्र निर्विवाद आहे. आणि एका कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीला दुसऱ्याच्या तोंडी देणे हा कोणता उपचार? म्हणून प्रश्न तिच्या शब्दांत विचारला गेला पाहिजे. ‘मशेरी लावता का? दिवसातून कितीदा? पान, गुटखा, तपकीर? घरी मोहाची, ताडी, बिअर, वाईन, काही घेणे होते का?’ एवढे शब्द वाढविण्यास सरकारी तिजोरीला भार पडत नाही. परिचारिकेला दोन मिनिटे अधिक लागतील. त्यानंतर सोडविण्याचे साहाय्य त्याच रुग्णालयात, त्याच भाषेत, त्याच आठवड्यात मिळाले पाहिजे. केवळ ‘बंद करा’ एवढे सांगून फाइल मिटता कामा नये.

शासनाचीही यात जबाबदारी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी गुटख्याचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढविला, तेव्हा त्यातून चौदा हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. महाग मद्य कमी खपते, म्हणून करवाढ आरोग्याला हितकारकच आहे. मात्र या उत्पन्नातून कर्करोगाच्या वेळेवर निदानासाठी आणि व्यसनमुक्तीसाठी किती खर्च होतो, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे. आपल्याकडील मद्याच्या बाटलीवरही प्रकृतीला अपाय होतो आणि पिऊन वाहन चालवू नये, एवढाच इशारा असतो. सिगारेटीच्या पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापावयास लावणाऱ्या शासनाला बाटलीवर तो एक शब्द छापावयास लावणे अशक्य आहे काय?

ज्या शिक्षकांच्या वर्गात, ज्या कारकुनांच्या कचेरीत आणि ज्या विद्यार्थ्यांच्या घरात हा लेख वाचला जाईल, तेथे आई, मावशी, आत्या, शेजारीण असतेच. त्यांतील एखादी उद्या स्तनातील गाठ घेऊन दवाखान्यात जाईल. मशेरीची डबी कमरेला असेल वा नसेल. तिला प्रथम लवकर उपचार हवे आहेत. त्यासोबत खरे बोलता येईल असा एक प्रश्न हवा आहे, आणि खरे बोलल्यावर कपाळाला आठी न घालणारा माणूस समोर हवा आहे. व्यापाऱ्याने तिला ओळखण्यासाठी जेवढे श्रम घेतले, तेवढे श्रम तिला वाचविण्यासाठी घेण्याची वैद्यकाची आणि शासनाची तयारी आहे काय, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.